आमच्या परिवाराचं सरतं वर्ष

डिसेंबर अर्धा उलटला की धुळ्यात ऊन उतरता उतरता गल्लीत धुराचा वास शिरतो. कुणाच्या तरी गच्चीवर विटा मांडलेल्या असतात, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवलेल्या असतात आणि त्यांच्यावर पांढरट हिरवी, टपोरी वांगी निजवलेली असतात. साल करपते, आतला गर फसफसतो, देठापाशी रस उकळून खाली गळतो आणि निखारा चरचरतो. सगळ्या खानदेशाच्या तोंडाला पाणी सुटायची ही वेळ. माझ्याही तोंडाला पाणी सुटतं, पण ते वेगळं. उलटी होण्याआधी जिभेखाली जमतं ना, तसलं. मी उठून खिडकी लावून घेते.

माझं माहेर सोनगीरकडचं. हिवाळाभर भरीत आणि कळण्याची भाकरी यांच्यावरच आमचा पिंड पोसला. त्यामुळे मी भरीत खात नाही म्हटलं की लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मी जातच बदलली. "ॲसिडिटी होते हो," असं मी सांगते आणि सुटते. खरं सांगायचं तर एक सबंध हिवाळा सांगावा लागेल, आणि जेवायला बसलेल्या माणसांना तो सांगण्यासारखा नाही.

राग आणि किळस यांत फरक आहे, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. राग येतो, भांडतो, थकतो आणि निघून जातो. रागाला समोर माणूस लागतो. किळसेला कुणीच लागत नाही. ती टाळूला चिकटलेल्या वनस्पती तुपासारखी असते. गरम पाणी प्या, बडीशेप चावा, ती आपली तिथेच. आणि वर्षभराने तोच वास आला की ती ताज्यासारखी होऊन बसते.

आमचा भाऊ जळगावला असतो. आम्हा तिघांत थोरला. आमचे वडील, आबा, गेले तेव्हापासून आई त्याच्याकडेच होती. नोकरीत तो बराच वर चढला, नशिराबादच्या अलीकडे रस्त्यापासून थोडं आत त्याने जमिनीचा तुकडा घेतला, त्यावर एक टुमदार घर बांधलं. शेत म्हणावं तर त्यात पिकत काही नाही. लॉन आहे, प्लास्टिकचा बगळा आहे, आणि दगडात कोरलेलं 'स्वप्नपूर्ती' हे नाव आहे. नाताळच्या सुट्टीत दरवर्षी तिथे भाऊची भरीत पार्टी. आणि भरताच्या आधी, पानं वाढण्याच्या आधी, सगळ्यांना हॉलमध्ये भिंतीएवढ्या टीव्हीसमोर बसवून दाखवायचा तो व्हिडिओ: 'आमच्या परिवाराचं सरतं वर्ष'.

तुम्हीही असले व्हिडिओ पाहिले असतील. हल्ली घरोघरी होतात. बासरी वाजते, अक्षरं फिरत फिरत येतात, गुलाबाच्या पाकळ्या पडतात. भाऊचा पुतळ्यासारखा उभा फोटो, पाठीमागे नवी गाडी, गाडीला लाल फीत. वहिनींनी चिकट राळेत फुलं गाडून बनवलेली घड्याळं आणि ट्रे, त्यांचं प्रदर्शन, प्रदर्शनाच्या उद्घाटनाला कात्री धरलेला कुणीतरी नगरसेवक. भाऊचा सायकल चालवण्याचा नवा छंद: ढुंगणाला गादी शिवलेली ती काळी चड्डी, ते टोपलीसारखं शिरस्त्राण आणि महामार्गाच्या कडेला, कुणाच्या तरी ज्वारीच्या शेतात सायकल डोक्यावर धरून काढलेला फोटो. त्यांच्या प्रणवची पुण्यातली नोकरी. घराला दिलेला नवा रंग. प्रत्येक चित्राखाली 'अभिमान', 'कृतार्थता', 'आशीर्वाद असू द्या'. शब्दसुद्धा असे ओशट होऊ शकतात, हातात धरले तर निसटतील असे, हे मी मराठी शिकवण्यात जन्म घालवूनही त्या टीव्हीसमोरच शिकले. माझे यजमान तर तिकडे यायचेच बंद झाले होते. "मला वांग्याची ॲलर्जी आहे, भाऊला सांग," म्हणायचे. आठवड्यातून तीनदा घरी वांगं खाणारा माणूस.

मी जात असे ती आईसाठी. आणि त्या वर्षी शोभासाठी.

शोभा आमची धाकटी. तिला शिरपूरला दिली होती. माणसं नावाजलेली, घरात कशाची कमतरता नाही, असं तेव्हा सगळे म्हणाले. कमतरता एकच निघाली, मूल झालं नाही, आणि ती त्या घरात रोज जेवणाआधी शोभाच्या पानात वाढली जायची. तिने वीस वर्षं ती गिळली. मग त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमारास, पाहुण्यांना चहा द्यायला उशीर झाला म्हणून नवऱ्याने तिला गच्चीवर घालून जिन्याच्या बाजूने कडी लावली. शिरपूरचं ऊन, भर दुपार, फरशीवर अनवाणी पाय. शेजारच्या बाईने आपल्या गच्चीवरून तिला पाहिलं आणि जिन्याने वर येऊन कडी काढली. शोभा खाली उतरली, पायांत बाथरूमच्या सपाता चढवल्या आणि सरळ एसटी स्टँडवर गेली. माझ्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या तळव्यांना फोड होते. "अक्का," ती म्हणाली, "मी परत जाणार नाही. आधी पाणी दे."

ते तिचं सरतं वर्ष. त्यात आणखीही बरंच होतं. महिनाभर ती नुसती झोपली. मग एके दिवशी यजमानांनी माळ्यावरचा कॅरम काढला, आणि आमच्याकडे रोज संध्याकाळी टकटक सुरू झाली. हे हरायचे आणि पावडरला दोष द्यायचे. शोभा राणी भोकात घालून बोटं झटकायची. यांनीच तिला देवपुरातल्या मोकळ्या मैदानावर माझी स्कूटर शिकवली. ती दोनदा पडली, एकदा एका बकरीला धडकली, बकरीच्या मालकिणीशी वाद घालताना मी तिला कित्येक वर्षांनी मोठ्याने बोलताना ऐकलं. पावसाळ्यात मुलींच्या एका वसतिगृहात तिला स्वयंपाकघराची देखरेख करण्याचं काम मिळालं. आणि ऑगस्टमध्ये आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा वहिनींचं प्रदर्शन होतं, म्हणून भाऊने फोन करून शोभालाच बोलावून घेतलं. नवी नोकरी, तरी ती रजा टाकून जळगावला गेली. तिने आईला धरून नेलं, धरून आणलं, वेळच्या वेळी थेंब घातले, केस विंचरले, डोळ्याला हात लावू दिला नाही. आईला दिसायला लागलं तसं भाऊने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "आता प्रणवसाठी माणसं यायला लागतील बघायला. त्यांच्यासमोर उगीच प्रश्न नकोत. तू समजदार आहेस." शोभा समजदार होती. ती दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत आली आणि कॅरम मांडून बसली.

मग डिसेंबरात पार्टीचं बोलावणं आलं. मला आलं ते 'नक्की या' असं, आणि शोभाला आलं ते 'सकाळी लवकर ये, वांगी तुझ्याच हातची हवीत' असं. मी म्हटलं, "जाऊ नकोस." ती म्हणाली, "बोलावलं तर आहे ना, अक्का. आणि आई आहे तिथे."

आम्ही दोघी गेलो. त्या सकाळचं थंड ऊन मला आजही आठवतं. नशिराबादच्या बाजूने येणारा वारा, रस्त्यापलीकडची वेचून झालेली कपाशी, बोंडांना लटकलेल्या मळक्या कापसाच्या चिंध्या. घराच्या मागच्या बाजूला शोभाने पदर खोचला आणि जाळ केला. ती वांग्यांना तेल लावत होती, टोचे मारत होती, धुराने डोळे पुसत होती. मी मिरच्या आणि लसूण ठेचायला बसले. थोड्या वेळात गाड्या आल्या. त्यातल्या एका गाडीतून प्रणवचे होणारे सासू-सासरे आणि त्यांची मुलगी मृणाल उतरली. साखरपुडा तोंडावर होता, ही माणसं घर बघायला आणि आमच्यात बसून जेवायला आली होती.

वहिनी त्यांना घर दाखवत मागच्या खिडकीपाशी आल्या. मृणालच्या आईने बाहेर बघून विचारलं, "केवढी वांगी! एकट्याच करताहेत का या?"

"त्या असतात आपल्याकडे मदतीला," वहिनी म्हणाल्या.

मी खिडकीच्या आतच उभी होते, हातात मिरच्यांचं ताट. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "वहिनी," मी म्हटलं, "ती शोभा आहे."

"हो हो अक्का, नंतर," असं म्हणत त्यांनी माझा दंड दाबला, हसत, आणि पाहुण्यांना पुढे घेऊन गेल्या. त्यांच्या बोटांना कसलंसं गोड वासाचं क्रीम लागलेलं होतं. ते माझ्या दंडावर उतरलं. मी नळाखाली दंड धरून घासला. मिरच्यांच्या हाताने घासला, त्यामुळे आग झाली ती वेगळीच.

मग भाऊने टाळ्या वाजवून सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. आईला सगळ्यांत पुढच्या खुर्चीत बसवलं होतं, नवी साडी, अंगावर शाल, अगदी दुकानाच्या दारातल्या बाहुलीसारखी. शोभा बाहेर वांगी सोलत होती, तिला कुणी बोलावलं नाही. बासरी सुरू झाली. गाडी झाली, सायकल झाली, राळेची घड्याळं झाली. प्रत्येक फोटोला टाळ्या. होणारे व्याही मान डोलावत होते. आणि मग आईचा फोटो आला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर आई, डोळ्यांवर तो मोठा काळा चष्मा, एका बाजूला भाऊ अंगठा वर करून, दुसऱ्या बाजूला फोटोपुरत्या आलेल्या वहिनी. खाली फिरत फिरत अक्षरं आली: 'आईला मिळाली नवी दृष्टी. लेकाचं कर्तव्य.'

तो फोटो मी ओळखत होते. ऑपरेशनच्या दिवशी शोभाने मला तो पाठवला होता. त्यात आईच्या मागे, तिला सावरून, शोभा उभी होती. आता तिथे नुसती दवाखान्याची भिंत होती, जरा पुसट, ओल आल्यासारखी. कुठल्याशा ॲपने शोभाला भिंतीतून खरवडून काढलं होतं. पण आईच्या खांद्यावर तिचा हात होता. पदराच्या सुरकुत्यांत तो असा गुंतला होता की यंत्राला तो सोडवता आला नसावा. मनगटापर्यंत हात, आणि पुढे भिंत.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचा फोटो आला.

"थांब रे," आई म्हणाली. आई एरवी अशा ठिकाणी बोलत नसे. "मांगला फोटो लाव."

भाऊ हसला. "आई, पुढे अजून छान आहेत."

"मांगला लाव."

प्रणवने मागचा लावला. आई खुर्चीत पुढे सरकली. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "हाऊ हात कोना शे?"

बासरी अजून वाजतच होती. भाऊ म्हणाला, "आई, ते... मागून कुणीतरी गेलं असेल."

"कोनी तरी?" आई म्हणाली. "माले आते दिसस, भाऊ. तूच लिखेल शे ना तठे?" तिने टीव्हीकडे बोट केलं. "करंगळी दख. हाऊ मनी आंडेरना हात शे."

माझ्या लेकीचा हात आहे हा. लहानपणी झोपाळ्याच्या कडीत सापडून शोभाची करंगळी वाकडी झाली होती, आईनेच हळद बांधून बांधून ती बरी केली होती. ती तिथे भिंतीएवढी होऊन दिसत होती, वाकडी. आईने मान वळवून हाक मारली, "शोभा, वं शोभा! आठे ये, माय."

शोभा आली. कोपरापर्यंत काजळी, नखांत वांग्याच्या साली, केसांत राख. तिने टीव्हीकडे पाहिलं. तिचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं. मग तिने हात पुढे धरून स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो आहे की नाही याची खात्री करतेय.

"या कोण?" मृणालच्या आईने विचारलं.

भाऊ घसा खाकरत होता. वहिनी टेबलावरचे रुमाल नीट करत होत्या. शोभाच बोलली, स्वच्छ, शाळेत धडा वाचावा तशी. "मी शोभा. भाऊची धाकटी बहीण. शिरपूरला दिली होती, ते घर मी सोडलं. आता धुळ्याला असते." मग थोडं थांबून, "वांगी सोलून झालीत. पुऱ्या तळायला घेऊ का?"

त्या वेळी काय व्हायला हवं होतं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. जमीन दुभंगायला हवी होती असं नाही. कुणीतरी नुसतं उठून तिला खुर्ची द्यायला हवी होती. मी माझी खुर्ची सोडून उठले, पण तेवढ्यात मृणालचे वडील पोटावर हात फिरवत म्हणाले, "घ्या, घ्या. वास तर फार छान सुटलाय." आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. माणसं हसली. टीव्ही बंद झाला. सगळे पानांकडे वळले.

जेवले. हेच तर मला विसरता येत नाही, सगळे जेवले. तेलाचे ओघळ हनुवटीवरून पुसत, पुऱ्या मोडत, "अहाहा" करत, पुन्हा पुन्हा मागून घेत. हिरवं भरीत, त्यात कांद्याची पात, शेंगदाणे, खोबरं, आणि ते खाणारी तोंडं. भाऊ पाहुण्यांना आग्रह करत होता, "घ्या हो, आमच्या शोभाच्या हाताला चवच तशी आहे." आमच्या शोभाच्या हाताला. पुसायचा राहिलेला हात आता त्याला कामाला आला होता. दारातून वारा आला, कागदाच्या खरकट्या पत्रावळी लॉनवरून गडगडत रस्त्यापलीकडच्या कपाशीत गेल्या, आणि मी घराच्या मागे जाऊन चुलीच्या राखेत ओकले. पोटात काही नव्हतं, नुसतं पित्त.

मी परत आत आले तेव्हा आई खुर्चीतून उठली होती. तिच्या हातात तिची कापडी पिशवी होती. "मी धुयाले जास," ती म्हणाली. धुळ्याला, आमच्याकडे.

"आई, पाहुण्यांसमोर तमाशा नको," भाऊ दबक्या आवाजात म्हणाला.

"तमाशा तर तूच दखाडा," आई म्हणाली. "टीव्हीवर." आणि काठी टेकत ती दाराकडे निघाली. भाऊने तिचा दंड धरला नाही. मला वाटतं, पाहुणे बघत होते म्हणून.

प्रणवने आम्हाला नव्या गाडीतून जळगावच्या स्टँडवर सोडलं. गाडीत अजून दुकानाच्या प्लास्टिकचा वास होता. सिग्नलला तो म्हणाला, "आत्या, ते ॲपनं आपोआप केलं."

"ॲपला कुणीतरी सांगितलं असेल ना?" मी विचारलं.

त्याने गाडी पुढे काढली. स्टँड जवळ आल्यावर आरशात न बघता म्हणाला, "पप्पा म्हणाले, हिला काढ."

हिला. आत्याचं नावसुद्धा त्या बाप-लेकाच्या बोलण्यात उरलं नव्हतं.

धुळ्याच्या बसमध्ये आई आम्हा दोघींच्या मध्ये बसली. एरंडोल मागे पडलं, उन्हाची तिरीप खिडकीतून आली. शोभाच्या केसांना धुराचा वास येत होता. ती आता रडेल या धास्तीने मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. पारोळ्याच्या आसपास तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत भरीत आणि पुऱ्या. "रांधणाऱ्यानं आपलं आधी काढून ठेवावं," ती म्हणाली. "वीस वर्षांत एवढंच शिकले." तिने आईला घास दिला, मग स्वतः खाल्ला. दोघी खात होत्या, भुकेने, बोटं चाटत. शोभाने माझ्यासमोर डबा धरला. मी मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हापासून मी भरीत खाल्लेलं नाही.

साखरपुडा झाला, लग्नही झालं, थाटात. असल्या गोष्टींनी सोयरिकी मोडतात असं ऐकलं होतं, मोडत नाहीत. पत्रिकेत आईचं नाव 'आशीर्वाद' या शब्दाखाली सोनेरी अक्षरांत होतं. आई शोभाबरोबर गेली, अक्षता टाकल्या, नातसुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दिवेलागणीच्या आत परत आली. आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत ती आणि शोभा राहतात. शोभाची आता स्वतःची स्कूटर आहे, आई कधीकधी तिच्या मागे बसून देवळापर्यंत जाते. वसतिगृहातल्या मुली तिला मावशी म्हणतात. गेल्या पावसाळ्यात एका महिला मंडळाने तिचा सत्कार केला, शाल आणि नारळ. स्थानिक पेपरात छोटी बातमी आली. मी तो फोटो हौसेने माझ्या मोबाईलवर सगळ्यांना दिसेल असा लावला. तेवढंच निमित्त झालं.

कारण परवा यंदाचा व्हिडिओ आला. आता तो पार्टीच्या आधीच फोनवर येतो. आम्ही दुपारच्या उन्हात अंगणात बसलो होतो, आई मटार सोलत होती. बासरी. प्रणवच्या बायकोने केलेली मेजवानी, भाऊचा पक्ष्यांचे फोटो काढण्याचा नवाच छंद, तोफेएवढ्या नळीतून टिपलेली एक साळुंकी. आणि मग शोभा, शाल-नारळ घेऊन, पूर्ण, डोक्यापासून पायापर्यंत. मागे स्कूटर. 'आमची शोभा. संघर्षातून यशाकडे. सोबत भावाचा भक्कम आधार.'

माझ्या जिभेखाली ते पाणी जमलं. पुसून टाकणं एक वेळ समजतं. माणसाला लाज वाटते, भीती वाटते, तो पुसतो. पण पुसलेलं माणूस पुढे आपल्या पायांवर उभं राहिल्यावर त्याला उचलून आपल्या दिवाणखान्यात मांडायचं, गाडीच्या आणि सायकलच्या रांगेत, याला काय म्हणायचं? मी फोन पालथा घातला.

"अगं थांब," शोभा म्हणाली. तिने तो पुन्हा लावला, नीट पाहिला. "स्कूटर चांगली आलीय ना?"

"तुला किळस नाही येत?" मी जवळजवळ ओरडलेच.

तिने आईच्या ताटातली एक शेंग उचलली, फोडली, दाणे तोंडात टाकले. "अक्का," ती म्हणाली, "किळस आलेल्या माणसाला ताट सारून उठता यायला हवं. मला इतकी वर्षं ती सोय नव्हती. समोर आलेलं गिळायचं, हीच सवय. आता उठता येतं, तर मला बसून बघावंसं वाटतं. तुझं तू ओक."

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. भाऊ. तिने आवाज मोठा करून फोन मटारांच्या ढिगाजवळ ठेवला.

"शोभे, पाहिलास का व्हिडिओ? सगळ्यांत जास्त कौतुक तुझं होतंय. आता यंदा यायलाच हवंस. व्याही कालच म्हणत होते, भरीत खावं तर तुमच्या बहिणीच्या हातचं."

"येईन ना," शोभा म्हणाली.

मी चमकून तिच्याकडे पाहिलं.

"पण खायला येईन, भाऊ."

तिकडे हसण्याचा आवाज आला. "मग वांगी कोण भाजणार?"

"तू भाज," शोभा शांतपणे म्हणाली. "निवृत्त झालास, छंद शोधतोस. सकाळी लवकर उठ, पऱ्हाट्या पेटव. जमत नसेल तर फोनवर सांगते कसं ते."

भाऊ पुन्हा हसला, पण ते हसणं मध्येच अडकलं. "बरं... बघू," तो म्हणाला. मग साळुंकीच्या फोटोबद्दल थोडं बोलला, थंडीबद्दल बोलला, आणि फोन ठेवला.

आईची बोटं शेंगांवर चालूच होती. डोळ्यांइतकेच तिचे कानही चांगले आहेत. त्या फोनवरचा शब्द न् शब्द तिने ऐकला होता, आम्ही दोघींनी ऐकला तसा. तरी तिने मान वर न करता विचारलं, "मनं काही इचारं का त्यानी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. खरं तेच सांगणार होते. शोभाने माझ्या पायावर पाय ठेवला.

"विचारलं ना," ती म्हणाली. "आई जेवली का, विचारत होता."

आईने सोललेले मटार ओंजळीत घेऊन भांड्यात सोडले. "हा," ती म्हणाली. "इचारीच तो." मग तिने राहिलेल्या शेंगा बाजूला सारल्या. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं होतं. मी उठले, चहाचं आधण ठेवायला आत निघाले, तशी पाठीमागून तिचा आवाज आला.

"मना चहामा साखर जास्ती टाक, वं माय."